दुखणं विचारण्याची रीत : प्रस्तावना

लघवीला आग होते हे बाई किती दिवसांनी सांगते आणि कुणाला सांगते, यावर तिच्या उपचाराचं बरंचसं ठरतं. पहिले दोन दिवस ती धने-जिऱ्याचं पाणी पिते, सब्जा भिजवते, ‘उष्णता झाली असंल’ म्हणून गप्प बसते. मग कुणाकरवी तरी मेडिकलमधून दोन गोळ्या आणवते. ओटीपोट ठणकायला लागलं, हुडहुडी भरून ताप आला की मग दवाखाना. तिथंही केसपेपरवर जेमतेम दोन शब्द पडतात आणि पुढची सगळी तपासणी लघवीची होते. तिला नेमकं काय काय होत होतं, किती होत होतं, कशापासून सुरू झालं, याची नोंद कुठंच राहत नाही.

लक्षणांची प्रश्नावली ही उणीव भरून काढण्यासाठी असते. आग होते का, घाई होते का, रात्रीतून उठावं लागतं का, लघवीत रक्त दिसलं का, अंगावरून पांढरं जातं का, असे ठरावीक प्रश्न विचारायचे, ठरावीक पर्यायांतून उत्तर घ्यायचं, गुण द्यायचे आणि बेरजेवरून आजाराचा अंदाज बांधायचा. अशी यादी टेबलाशी बसून कुणालाही करता येईल. पण ती खरंच त्याच आजाराला पकडते का, दोन वेगळ्या माणसांनी विचारली तरी उत्तर तेच येतं का, शहरातल्या शिक्षिकेला आणि उसाच्या फडातल्या बाईला तिचा अर्थ एकच लागतो का, हे तपासून सिद्ध करावं लागतं. या कामाला प्रश्नावलीचं प्रमाणीकरण म्हणतात. वजन करण्याआधी काट्याचा पासंग बघून घ्यावा, तसं हे काम आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ते करू पाहणारे डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी आणि आशाताई यांना विषयाची ओळख व्हावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना. सांगायचं आहे ते थोडक्यात असं : नीट विचारलं तर बाईचं सांगणं हा प्रयोगशाळेच्या रिपोर्टच्या तोडीचा पुरावा असतो, आणि ‘नीट विचारणं’ हे विचारणाऱ्याच्या चांगुलपणावर सोडून चालत नाही.

आधी आजाराकडे पाहू. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असतो आणि त्याचं तोंड गुदद्वार व योनीच्या अगदी जवळ. आतड्यात निरुपद्रवीपणे राहणारे ई. कोलाय जंतू एवढंसं अंतर सहज चढून जातात. मूत्राशयाच्या साध्या संसर्गांपैकी बहुतेकांच्या मुळाशी हाच जंतू सापडतो. निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हे दुखणं होतं, असा जगभरातला अंदाज आहे. म्हणजे आजार दुर्मीळ नाही, गूढही नाही. अवघड आहे ते त्याला त्याच्या शेजाऱ्यांपासून वेगळं काढणं. योनिमार्गाच्या दाहातही आग होते, मुतखड्यातही रक्त दिसतं, पाळी गेल्यावर तिथली कातडी पातळ पडून चुणचुण होते, ओटीपोट तर कितीतरी कारणांनी दुखतं.

तरीही इथं बाईच्या सांगण्यात मोठी ताकद आहे. स्टीफन बेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. लघवीला आग होते, वारंवार जावं लागतं आणि अंगावरून जाण्याचा किंवा योनीच्या खाजेचा त्रास नाही, एवढं बाईनं सांगितलं तरी संसर्ग असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर जाते, असा त्याचा निष्कर्ष होता. यातला ‘नाही’ नीट ध्यानात ठेवावा. जी लक्षणं आहेत त्यांच्याइतकंच, जी नाहीत त्यांनीही निदान होतं. म्हणून चांगल्या प्रश्नावलीत फक्त लघवीचे प्रश्न असून भागत नाही. शेजारच्या आजारांना बाजूला काढणारे प्रश्नही लागतात.

उझबेकिस्तानातल्या ताश्कंद इथं जाखोंगिर अलीजानोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच आराखडा धरला. ‘अ‍ॅक्यूट सिस्टायटिस सिम्प्टम स्कोअर’ या नावाची त्यांची प्रश्नावली २०१४ साली प्रसिद्ध झाली आणि नंतर जर्मनीतल्या गीसेनच्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या साथीनं अनेक भाषांत गेली. तिच्यात अठरा प्रश्न आहेत. सहा प्रश्न नेमक्या लक्षणांचे : वारंवार लघवी, घाई, आग, पूर्ण न झाल्याची भावना, ओटीपोटात दुखणं, लघवीत रक्त. चार प्रश्न शेजारचे आजार वेगळे काढणारे : कुशीत दुखणं, अंगावरून जाणं, मूत्रमार्गातून स्राव, ताप. तीन प्रश्न या दुखण्यानं रोजचं जगणं किती अडलं याचे आणि पाच प्रश्न पाळी, पाळीपूर्वीचा त्रास, पाळी जाणं, गरोदरपण व मधुमेह यांचे. लक्षणांना शून्य ते तीन गुण. पहिल्या सहा प्रश्नांची बेरीज सहा किंवा त्याहून अधिक आली तर संसर्ग असण्याचा कौल. मूळ उझबेक अभ्यासात या कसोटीनं आजारी बायकांपैकी ९४ टक्के बरोबर ओळखल्या आणि आजारी नसलेल्यांपैकी ९० टक्के बरोबर वगळल्या. पहिल्या आकड्याला संवेदनशीलता म्हणतात, दुसऱ्याला विशिष्टता.

हे आकडे वाचून मोह होतो की उत्तम भाषांतर करावं आणि कामाला लागावं. तसं करता येत नाही. एका भाषेत, एका समाजात मिळालेले आकडे दुसरीकडे आपोआप लागू होत नाहीत, आणि सातारा-सांगलीसारख्या मुलखात तर मुळीच होत नाहीत.

या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत मिळून अठ्ठावन्न लाखांवर होती. इथं आधुनिक वैद्यकाची परंपरा जुनी आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ साली रुग्णालय सुरू केलं, १९६२ पासून मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि कराडचं कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून. लघवीचं कल्चर करणाऱ्या चांगल्या प्रयोगशाळा याच पट्ट्यात दाटल्या आहेत. पण जत, आटपाडी, माण, खटाव किंवा पाटणच्या डोंगरातल्या बाईला तिथवर पोचायला अर्धा दिवस आणि मजुरी दोन्ही मोडावी लागतात. लघवीचा नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत गेला पाहिजे, नाहीतर थंड ठेवला पाहिजे. तसं झालं नाही तर जंतू वाटेतच वाढतात आणि रिपोर्ट फसवतो. जतहून सांगलीच्या रस्त्यावर दोन तास सहज जातात. शिवाय कल्चरचं उत्तर यायला दोनेक दिवस लागतात. अशा ठिकाणी पारखलेली प्रश्नावली आरोग्य उपकेंद्रातल्या ताईच्या हाती असेल, तर कुणाला लगेच औषध द्यायचं, कुणाचा नमुना पाठवायचा आणि कुणाला आजच्या आज पुढं धाडायचं, हे ठरवायला मोठा आधार होतो.

आता प्रश्नांजवळ जाऊन बघू. ‘दिवसातून किती वेळा लघवीला जाता?’ हा प्रश्न वरवर अगदी सरळ आहे. मूळ प्रश्नावलीत दिवसाला चार वेळांपर्यंत शून्य गुण आणि वेळा वाढतील तसे गुण वाढत जातात. पण द्राक्षबागेत किंवा भांगलणीला गेलेली बाई आडोसा नाही म्हणून सकाळी निघताना पाणीच कमी पिते आणि दिवसभर धरून ठेवते. तिची एरवीची गणती दिवसाला दोन किंवा तीन. संसर्ग झाल्यावर ती चार वेळा जाते, म्हणजे तिच्या हिशेबानं जवळजवळ दुप्पट, आणि प्रश्नावली तिला शून्य गुण देते. इथं ‘एरवीपेक्षा जास्त वेळा जावं लागतंय का’ असा प्रश्न जोडून बघायला हवा आणि दोन्हींपैकी कोणता कल्चरशी अधिक जुळतो हे मोजायला हवं.

दुसरं उदाहरण कामाचं. ‘या त्रासामुळं तुमच्या रोजच्या कामात अडथळा आला का?’ असं विचारलं की इथल्या कितीतरी बायका ‘नाही’ म्हणतील, कारण काम थांबवणं त्यांच्या हातातच नाही. ताप अंगावर काढून धार काढायची, भाकऱ्या थापायच्या, शेतावर जायचं. काम झालं म्हणून त्रास नव्हता, असा अर्थ प्रश्नावलीनं लावला तर तो चुकीचा ठरेल. ‘काम करताना मधेच थांबून बसावं लागलं का’, ‘एसटीनं प्रवास टाळला का’, ‘रात्री झोप मोडली का’ असे प्रश्न तिच्या दिवसाशी जुळतात.

तिसरं, पर्यायांचं. ‘सौम्य, मध्यम, तीव्र’ हे शब्द कागदावर शोभतात. तोंडी विचारताना ‘जरा’, ‘बऱ्यापैकी’ आणि ‘लई’ हे अधिक चालतात. मात्र आपल्याला वाटतं म्हणून ते घालायचे नाहीत. प्रश्न वाचून दाखवल्यावर बाईला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावायचं : मावशी, मी आत्ता काय विचारलं असं तुम्हाला वाटलं? ‘ओटीपोट’ म्हणजे तिनं हात नेमका कुठं ठेवला? ‘कंबर दुखते’ म्हणताना तिला कुशीतली मूत्रपिंडाची कळ अभिप्रेत आहे की दिवसभर वाकून धरलेली कंबर? ‘अंगावरून जातं’ म्हणजे पांढरं की लाल? अशा मुलाखतींनी जे दोष बाहेर येतात ते नंतर कोणत्याही संख्याशास्त्रानं दुरुस्त होत नाहीत. म्हणून दोन स्वतंत्र भाषांतरं, त्यांचा मेळ, मूळ भाषेत उलट भाषांतर, तज्ज्ञांची बैठक आणि मग या मुलाखती, हा क्रम कितीही वेळखाऊ वाटला तरी गाळायचा नाही.

आणि भाषा तरी एक कुठं आहे? जत तालुक्याच्या कितीतरी गावांत घरची बोली कन्नड आहे. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झालं की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. रेठरे बुद्रुकपासून साखराळ्यापर्यंतच्या ऊसपट्ट्यात त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. त्यांत मराठवाड्याची मराठी बोलणाऱ्या बायका असतात, घरात गोरमाटी बोलणाऱ्या बंजारा बायकाही असतात. पहाटे फडात, रात्री गाडी भरायला, संडास नाही, पाणी मोजकं. मूत्रमार्गाच्या संसर्गाची जोखीम जिथं सर्वांत जास्त, तिथल्या बाईला वगळून केलेलं प्रमाणीकरण या जिल्ह्यांचं म्हणता येणार नाही. ओटीपोटाच्या तक्रारींची नीट उकल झाली नाही की काय होतं, हे राज्यानं पाहिलं आहे. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची स्थिती मांडली. पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. यामागं कारणं अनेक आहेत, पण दुखण्याचं मूळ न शोधता दुखणारी जागाच काढून टाकणं हा त्यातला एक धागा नाकारता येत नाही.

बाईनं सांगणं आणि तपासणीत सापडणं यांचं नातं महाराष्ट्रानं जगाला एकदा दाखवून दिलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांतला अभ्यास १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये आला. ६५० बायकांची तपासणी झाली. ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, सरासरी काढली तर एकेकीला ३.६ आजार. त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के. आणि आपल्याला काही तक्रार आहे असं सांगणाऱ्या बायका होत्या ५५ टक्के. हा अभ्यास स्त्रीरोगांचा होता, लघवीच्या संसर्गाचा नव्हे. तरी प्रश्नावली करणाऱ्यानं त्याच्यापासून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. बाई बोलली नाही म्हणजे ती निरोगी आहे, असं धरता येत नाही. तसंच योनिस्रावासारख्या लक्षणावरून आतला आजार नेमका ओळखणं कठीण जातं, हेही पुढच्या संशोधनांतून वारंवार दिसलं. लघवीची जळजळ त्या मानानं फार स्पष्ट बोलते. म्हणून या एका दुखण्यापुरती प्रश्नावलीवर भिस्त ठेवता येते, आणि म्हणूनच ती दुसऱ्या दुखण्यांना सरसकट लावता येत नाही.

प्रश्नावली ज्याच्याशी ताडून बघायची त्या कल्चरलाही स्वतःच्या मर्यादा आहेत. एका मिलिलिटर लघवीत एक लाख जंतू, ही कसोटी एडवर्ड कास यांच्या १९५६ च्या कामातून आली आणि अजूनही प्रयोगशाळांत रूढ आहे. वॉल्टर स्टॅम आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली दाखवलं की लक्षणं असलेल्या बाईत शंभर जंतूही खऱ्या संसर्गाची खूण ठरू शकतात. लाखाची रेघ धरली तर कितीतरी आजारी बायका ‘निरोगी’ या रकान्यात जातात आणि प्रश्नावलीवर खोट्या धोक्याचा ठपका येतो. त्यात बाईनं आधीच मेडिकलमधल्या दोन गोळ्या घेतल्या असतील तर कल्चर कोरंच यायचं. त्यामुळं गोळ्या घेतल्या का, कोणत्या, कधी, हा प्रश्न नमुना घेण्याआधी विचारायचाच, आणि विचारताना आवाजात दटावणी येऊ द्यायची नाही. जंतूंची रेघ कुठं धरली हे अभ्यासाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवायचं. निकाल बघून ती हलवायची नाही.

आकड्यांबद्दल एक गोष्ट प्रत्येकानं स्वतः हिशेब करून पाहावी. समजा, संवेदनशीलता ९४ आणि विशिष्टता ९० हे आकडे इथंही मिळाले. ओपीडीत लघवीची तक्रार घेऊन शंभर बायका आल्या आणि त्यांपैकी साठ जणींना खरोखर संसर्ग आहे. प्रश्नावली त्यांतल्या छपन्न जणींना पकडेल, आणि उरलेल्या चाळीस जणींपैकी चौघींना उगाच आजारी ठरवेल. म्हणजे जिला ‘संसर्ग आहे’ म्हटलं तिला तो असण्याची खात्री ९३ टक्के. आता हीच प्रश्नावली गावात घरोघर हजार बायकांना विचारली आणि त्यांत संसर्ग पन्नास जणींनाच असला, तर पकडल्या जातील सत्तेचाळीस आणि उगाच ठरतील पंचाण्णव. आता ‘संसर्ग आहे’ म्हटलेल्या तिघींपैकी एकीलाच तो असतो. प्रश्न तेच, गुण तेच, आणि उपयोगात एवढा फरक. दवाखान्यात पारखलेली प्रश्नावली गावाच्या पाहणीत तशीच वापरून गोळ्या वाटणं किती घातक ठरेल, ते यावरून कळावं. आधीच ई. कोलाय सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या ॲन्टिबायोटिकना मोठ्या प्रमाणात दाद देईनासा झाला आहे. जुनं नायट्रोफ्युरँटॉइन अजून चालतं. ते चालत राहावं असं वाटत असेल तर ज्यांना गरज नाही त्यांच्या हाती गोळी जाता कामा नये.

तुलनेसाठी घेतलेल्या बायका कोण, हाही तितकाच महत्त्वाचा मुद्दा. ठणठणीत नर्सिंगच्या विद्यार्थिनी घेतल्या तर कोणतीही प्रश्नावली हुशार दिसेल. खरी कसोटी लागते ती खाज, अंगावरून जाणं, मुतखडा, पाळी गेल्यानंतरची चुणचुण घेऊन आलेल्या बायकांपासून संसर्ग वेगळा काढताना. विश्वासार्हतेचंही तसंच. प्रश्नांचा आपसातला मेळ मोजायला ली क्रॉनबाख यांनी १९५१ साली मांडलेला अल्फा वापरतात आणि ०.७ च्या वर गेला की समाधान मानतात. पण एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारूनही अल्फा वाढतो, म्हणून तो एकटा पुरेसा नाही. पुन्हा विचारून उत्तरं जुळतात का हे बघायचं, तर हे दुखणं औषधानं दोन-तीन दिवसांत उतरतं. आठवड्यानं विचारलं तर उत्तर बदलणारच, आणि बदलायलाच हवं. म्हणून स्थैर्य तपासायचं ते काही तासांच्या अंतरानं, औषध लागू पडण्याआधी, आणि बरं होताना गुण उतरतात का हे वेगळं तपासायचं.

कोण विचारतं आणि कोण ऐकतं, यानंही मोजमाप बदलतं. सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असताना अंगावरून जाण्याच्या प्रश्नाला खरं उत्तर येणार नाही. वाचता येणाऱ्या बाईनं स्वतः भरलेली प्रश्नावली आणि आशाताईनं वाचून भरलेली प्रश्नावली ही दोन वेगळी साधनं आहेत. दोन्ही स्वतंत्रपणे पारखायला हवीत.

प्रश्नावलीच्या हद्दीही स्पष्ट असाव्यात. गरोदर बाईत काहीच लक्षण नसताना लघवीत जंतू असू शकतात आणि पुढं ते मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतात. तिची लघवी तपासायलाच हवी, मग बेरीज शून्य का येईना. उलट गरोदर नसलेल्या निरोगी बाईला लक्षणं नसताना केवळ जंतू सापडले म्हणून औषध देऊ नये. थंडी वाजून ताप, कुशीत कळ, उलट्या असतील तर बेरीज करत बसू नये, पुढं पाठवावं. वारंवार त्रास होतो आणि साध्या कल्चरमध्ये काहीच येत नाही, तर क्षयाचा विचार करावा. उतारवयातल्या बाईच्या लघवीत रक्त दिसलं तर संसर्गावर औषध देऊन थांबू नये, मूत्राशयाची तपासणी करावी.

या दोन जिल्ह्यांत जो कुणी हे काम हाती घेईल, त्यानं तीन गोष्टी धरून ठेवाव्यात. नमुन्यात कराड-मिरजेच्या ओपीडीबरोबर दुष्काळी तालुक्यांतल्या आणि उसाच्या टोळ्यांतल्या बायका असाव्यात, आणि जतसाठी कन्नड आवृत्ती वेगळी पारखावी. जिनं उत्तरं दिली तिला तिचा कल्चर रिपोर्ट आणि त्याप्रमाणं औषध मिळालंच पाहिजे. आणि अभ्यास संपल्यावर प्रश्नावली, गुण मांडण्याची रीत आणि तिच्या मर्यादा एका पानावर, साध्या मराठीत, प्रत्येक उपकेंद्रात पोचाव्यात. प्रबंधात बंद झालेली प्रश्नावली कितीही चांगली पारखलेली असली तरी बाईच्या कामाची नाही. ती आशाताईच्या पिशवीत गेली, तिच्यामुळं बाई दहाव्या दिवसाऐवजी दुसऱ्या दिवशी बोलली आणि तिला नेमकं तेवढंच औषध मिळालं, तर हे सगळे कष्ट सार्थकी लागले असं म्हणता येईल.